पट्टेवाल्यांनी खरवडलेली वाट

रस्त्यावर पांढरे-पिवळे पट्टे मारणाऱ्या सरकारी टोळीत त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. कचेरीत फायली पोचवणारा पट्टेवाला वेगळा आणि हे वेगळे, पण लोक त्यांना पट्टेवालेच म्हणत. सुरुवातीला ते चिडायचे. पुढे नाव असं चिकटलं की सासुरवाडीतही ‘जावई आले’ न म्हणता ‘पट्टेवाले आले’ म्हणू लागले.

माणूस अबोल. जिथे दोन शब्द लागतात तिथे एक, आणि एक लागतो तिथे नुसती मान. पण कामात हात धरणारा कोणी नव्हता. खडू लावलेली दोरी ताणून ते टिचकी मारत, आणि उमटलेल्या खुणेवर तापलेला रंग असा सोडत की कडा सुरीने कापल्यासारखी यायची.

चार वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यापासून पुलापर्यंत सायकलींसाठी वेगळी हिरवी वाट आखायची ठरली, तेव्हा काम त्यांच्याच टोळीकडे आलं. त्यांची बायको दवाखान्याच्या धुलाईघरात होती. दोन बस बदलून जायची आणि यायची. वाट झाली आणि शेजारणीच्या मुलीकडून, घरात कोणाला पत्ता न लागू देता, ती सेहेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकली. एका सकाळी पट्टेवाले कडेला वाकून बाण रंगवत होते. मागून घंटी वाजली. “ओ काका, बाजूला व्हा की!” त्यांनी वळून पाहिलं तर बायको! टोळी हसून लोटपोट झाली. पट्टेवाले लाजले, पण घरी गेल्यावर त्यांनी आपणहून सायकलच्या साखळीला तेल घातलं.

तीन वर्षं बरी गेली. मग सरकार बदललं आणि वाटही नकोशी झाली. गाड्या लावायला जागा नाही, कोंडी होते, असं कारण देऊन ती काढून टाकायचा हुकूम निघाला. लोक खवळले. भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर दवाखान्याच्या फाटकाशी टेबल मांडून सह्या गोळा करायला बसले. पट्टेवाल्यांची बायको सह्यांचे कागद घेऊन धुलाईघरात, स्वयंपाकघरात, परिचारिकांच्या खोलीत फिरली.

“त्या भानगडीत पडू नकोस,” पट्टेवाले म्हणाले. “मी त्यांचीच चाकरी करतो.”

“सही माझी आहे. तुमची मागितली का मी?”

पट्टेवाल्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

अकरा हजार सह्या झाल्या. मास्तर त्या घेऊन मंत्र्यांच्या कचेरीत गेले, पण मंत्री भेटले नाहीत. फाटकावरच एका कारकुनाने गठ्ठे घेतले आणि शिक्का मारून कागद दिला. मास्तर म्हणाले, “पोचपावती मिळाली. पोचलं मात्र काही नाही.”

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी पट्टेवाल्यांना बोलावलं. रविवारी सकाळी वाट खरवडायची होती.

“साहेब, दुसऱ्या कोणाला पाठवा ना.”

“दुसरा पाठवला तर रंगाबरोबर डांबरही उखडून ठेवील. तुमचा हात हलका आहे.”

आयुष्यात साहेबांनी केलेलं पहिलं कौतुक ते हे. नाही म्हणायला त्यांचं तोंड उघडलं, आणि “बरं” म्हणून मिटलं. घरी त्यांनी बायकोला यातलं काही सांगितलं नाही. तीही रविवारी कुठे जाणार ते बोलली नाही.

रविवारी सातला टोळी पोचली तेव्हा हिरव्या वाटेवर दोनेकशे माणसं मांडी घालून बसली होती. पोलीस एकेकाला उठवून बाजूला नेत होते. मास्तर आपणहून उठले, कारण उचलून नेलेलं त्यांच्या गुडघ्यांना सोसलं नसतं. नऊ वाजता वाट मोकळी झाली. पट्टेवाल्यांनी खरवडायचं मशीन सुरू केलं आणि दहाएक पावलं गेले असतील, तोच समोर बायको येऊन बसली. अंगावर कामावरचा निळा झगा.

त्यांनी मशीन बंद केलं. “अगं, ऊठ. लोक बघतायत.”

“बघू देत. तुमचं काम तुम्ही करा, माझं मी करते.”

“घरी जाऊन बोलू.”

“घरी बोलला असतात तर मी इथे बसले असते का?”

टोळीतली माणसं भलतीकडे पाहू लागली. दोन महिला पोलीस आल्या, त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं. तिची एक चप्पल तिथेच राहिली. पट्टेवाल्यांनी ती उचलून पदपथावर ठेवली, परत आले आणि मशीन सुरू केलं. तीन दिवसांत पुलापर्यंतची वाट निघाली. डांबराला ओरखडासुद्धा आला नाही.

मास्तरांनी कोर्टात अर्ज केला होता. काम थांबवायचा आदेश चौथ्या दिवशी आला. थांबवायला तोवर काही शिल्लक नव्हतं. कोर्टाने सुनावणीला पुढची तारीख दिली.

बायकोने सायकल सोडली नाही. वाट होती तिथे आता गाड्यांची रांग लागायची, तिच्या कडेने ती जायची. पाचव्या आठवड्यात एका उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं. गाडीवाला भला माणूस होता. त्यानेच तिला दवाखान्यात नेलं, पुन्हा पुन्हा माफी मागितली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. ओल्या चादरी उचलणं, पिळणं संपलं. धुलाईघरातून तिला उठवून आलेल्या कपड्यांची नोंद करायला बसवलं, तीही डाव्या हाताने.

पट्टेवाले तिला एकदाही “तरी सांगत होतो” म्हणाले नाहीत. तिनेही त्यांना काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटायचं.

कोर्टाच्या सांगण्यावरून सरकारने लोकांची मतं ऐकायला एक बैठक लावली. पट्टेवाले रजा टाकून गेले. नाव पुकारलं तेव्हा उठले. टेबलामागचा अधिकारी म्हणाला, “तुम्ही नोकरीत आहात. तुम्हाला इथे बोलता येणार नाही.”

“वाट मी आखली,” पट्टेवाले म्हणाले. “मीच खरवडली. माझी बायको तिथेच पडली. कुठे पडली ती जागा मला इंचाइंचाने ठाऊक आहे, म्हणून आलो.” इतकं सलग ते कधी बोलले नव्हते. आणखी काही सांगायचं होतं, पण ते तेवढ्यावरच खाली बसले.

निकाल सरकारच्या बाजूने लागला. मास्तर मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेले. पट्टेवाल्यांची बदली कोठारात झाली. टोळ्या सकाळी येऊन रंगाचे डबे घेऊन जात, संध्याकाळी रिकामे आणून टाकत. दिवसभर ते पत्र्याच्या छपराखाली एकटेच बसायचे.

बैठकीच्या दिवशी घरी आल्यावर बायकोने विचारलं होतं, “काय म्हणाले?”

“लिहून घेतलं.”

“मग?”

“मग काही नाही.”

ती खुर्चीवर बसली होती. त्यांनी तेलाची वाटी कोमट करून आणली, खाली बसून तिचा हात मांडीवर घेतला आणि मनगटापासून बोटांपर्यंत चोळत राहिले. डॉक्टरांनी रोज मूठ वळवून बघायला सांगितलं होतं. तिने दात आवळून बोटं मिटली. मूठ अर्ध्यावर येऊन थांबली.

“उद्या बघू,” ती म्हणाली.