मंगळवारी अकरा वाजता

गेल्या रविवारी कर्वेनगरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये भर सभेत माझी बोलती बंद झाली… एकाच प्रश्नाने.

नवीन मंडळींसाठी सांगते. चार वर्षांपूर्वी आम्ही फ्लॅट भाड्याने दिला आणि लोणी काळभोरच्या पुढे दोन एकरांत राहायला गेलो. लेक इरा बारा वर्षांची आहे, शाळेत जात नाही. घरी आणि शेतात शिकते. नवरा घरून आयटीचं काम करतो, मी इराला शिकवते आणि त्याबद्दल इथे लिहिते… जरा जास्तच लिहिते, हे आता कळतंय.

तर होमस्कूलिंगवर बोलायला मला बोलावलं होतं. चाळीसेक पालक, चहा-बिस्किटं, प्रोजेक्टर. मी अगदी रंगात आले होते. 'आमचा मंगळवार' नावाची स्लाइड लागली. त्यात सकाळी अकराचा फोटो होता… इरा आणि शेजारची पल्लवी चिखलात उकिडव्या बसून कांद्याची रोपं लावताहेत. सगळे "वा, वा" म्हणाले.

पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी हात वर केला. निवृत्त शिक्षिका असाव्यात.

"ही दुसरी मुलगीही घरीच शिकते का?"

"नाही हो, ती गावातल्या शाळेत जाते. सातवीत आहे."

"असं का. मग मंगळवारी अकरा वाजता ती तुमच्या वाफ्यात काय करत होती?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मला आधी रागच आला. खवचट बाई, म्हटलं मनात. "सुट्टी असेल" असं काहीतरी पुटपुटून मी पुढची स्लाइड लावली. सुट्टी नव्हती, हे बोलतानाच मला माहीत होतं.

लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते. आमच्या घरात शाळेची घंटा नाही, डबा नाही, रविवारही इतर दिवसांसारखाच. वार असतात ते फक्त स्लाइडवर. त्यामुळे शाळेच्या वेळेत दुसऱ्याची मुलगी रोज आपल्या दारात उभी आहे, हे मला अडीच महिने दिसलंच नाही…

आणि ती काही आपली आपण आली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत ती इराशी खेळायला यायची. सुट्टी संपताना म्हणाली, "काकू, उद्यापासनं शाळा हाय." मी हसत म्हटलं, "आमच्याकडे तर रोजच शाळा असते. ये की! तिथे बाकावर बसून काय शिकणार आहेस?"

मी गमतीत म्हटलं होतं. तिने ते खरं मानलं.

परत येताना सोलापूर रोडवर नेहमीचं ट्रॅफिक होतं, आणि मला पहिल्यांदाच वाटत होतं की घर लवकर येऊ नये. गाडी लावून थेट पल्लवीच्या घरी गेले. तिचे वडील टेम्पो चालवतात, आई हायवेवरच्या नर्सरीत कामाला जाते. दोघंही सकाळी आठला बाहेर पडतात. रविवार म्हणून आई, सुनीता, घरी होती.

पल्लवी शाळेत जात नाही का, असं विचारल्यावर ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

"तुमच्याकडंच तर येती की शिकायला. दिवाळीपासनं. शाळेतल्या बाई दोनदा इचारायला आल्या, त्यांना बी मी तेच सांगितलं… पुण्याच्या ताई शिकवत्यात माझ्या पोरीला. लय बरं वाटायचं सांगताना."

मला तिच्याकडे बघवेना.

कारण शिकवत मी नव्हतेच. रोप किती खोल दाबायचं, पाण्याचं दारं कसं धरायचं, म्हणजे एक वाफा भरला की पाणी दुसऱ्यात कसं वळवायचं… हे सगळं पल्लवी इराला शिकवायची. मी फोटो काढायचे. दुपारी दोनला इराचं गणित आणि इंग्रजी सुरू झालं की मी पल्लवीला म्हणायचे, "जा बाळा, जेवून घे आता." कधीकधी ती पायरीवरच बसून राहायची. मला वाटायचं, सावलीला बसलीय.

सुनीताला हे सगळं सांगितलं. ती चिडली असती तर सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "म्हंजी वरीस वाया गेलं का हो ताई?"

सोमवारी सुनीताने खाडा केला आणि आम्ही तिघी शाळेत गेलो. बाईंनी हजेरीपट उघडून दाखवला. पल्लवीच्या नावापुढे गैरहजेरीची रांगच्या रांग होती. पटावरून नाव अजून कापलं नव्हतं, हेच नशीब. माझी चूक आहे, असं मी सांगायला लागले. बाईंनी मला हाताने थांबवलं आणि पल्लवीलाच विचारलं, "काय शिकलीस गं तिकडे इतके दिवस?"

पल्लवीने माझ्याकडे बघितलं. मला वाचवण्यासाठी काय सांगावं, याचा विचार करत होती बहुतेक. मग खाली मान घालून म्हणाली, "शिकले नाय बाई… इराला शिकवलं."

बाईंनी तिला वर्गात बसायला सांगितलं.

आता शाळा सुटल्यावर साडेपाचला ती आमच्याकडे येते. बुडालेले अपूर्णांक आणि इंग्रजीचे धडे आम्ही भरून काढतोय, इराच्याच टेबलावर. परीक्षेपर्यंत होईल असं बाई म्हणतात. नाही झालं तर त्याचा दोष कुणाचा, हे मला माहीत आहे. ते सगळे फोटो मी काढून टाकलेत आणि इथे मायलेकींची नावंही बदलली आहेत.

कृपा करून खाली "किती प्रामाणिकपणे लिहिलंस" वगैरे लिहू नका. इराला शाळेत न घालणं आम्हाला परवडतं, कारण उद्या मनात आलं तर कुठल्याही शाळेचं दार आमच्यासाठी उघडेल. सुनीताच्या लेकीसाठी शाळेचं एकच दार आहे, आणि ते मी हसता हसता लोटून दिलं होतं.

त्या काकूंचं नाव मला माहीत नाही. कुणी ओळखत असेल तर माझे आभार पोचवा. त्यांच्यावरचा राग कधीच गेला. लाज अजून आहे… असू दे थोडे दिवस.