साखर मोजणारे जिवाणू आणि आम्ही तिघं

आमच्या झाशीच्या लॅबमध्ये किस्से साठतात, कारण इलेक्ट्रोड स्थिर व्हायला अर्धा तास लागतो आणि तेवढा वेळ गप्प बसणं कुणालाच जमत नाही. माणसं तीनच. गाईड मॅडम, लॅब अटेंडंट रामसेवकजी आणि मी. मॅडमचं मराठी घराणं कैक पिढ्यांचं झाशीतलं, माझे वडील रेल्वेच्या बदलीने इथे आलेले. म्हणून आम्ही दोघी आपसांत मराठीच बोलतो.

काम असं: ग्लुकोज खाणाऱ्या जिवाणूंमधलं एन्झाइम काढायचं, वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरमध्ये अडकवायचं आणि पट्टीवर लावायचं. वर रक्ताचा थेंब टाकला की जेवढी साखर, तेवढा करंट.

*

आईला बडा बाजारात ओळखीच्या काकू भेटल्या. "मुलगी काय करते हल्ली?"

"रक्तातली साखर मोजायची पट्टी बनवते."

काकूंनी साखर तेवढी ऐकली. "साखरपुडा झाला आणि कळवलंही नाही?"

आईने घरी येऊन हे सांगितलं आणि वर म्हणाली, "मी काही दुरुस्त केलं नाही."

*

रामसेवकजी जिवाणूंच्या फ्लास्ककडे बराच वेळ बघत होते. मग मला बुंदेलीत म्हणाले, "काए बिन्नू, जे कीड़ा दिन भर शक्कर खात, इनखों सुगर नईं होत?"

मी हसले. मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सेमिनारमध्ये त्यांनी तोच प्रश्न मला विचारला.

*

एकदा कँटीनचा पाकासारखा गोड चहा पट्टीवर टाकून पाहिला. करंट जवळजवळ शून्य. मॅडमनी समजावलं, चहातली साखर वेगळी, ती आमच्या एन्झाइमला ओळखता येत नाही.

डॉक्टरांनी गोड बंद केलेले रामसेवकजी पट्टीकडे बोट दाखवून कप उचलत म्हणाले, "हमाए डॉक्टर से तो जेई समझदार हैं."

*

ग्लुकोजच्या तयार द्रावणात पट्टी छान चालायची, रक्तात मात्र आकडे भलतेच. बाजारातल्या मीटरशी काही केल्या जुळेनात. महिने गेले. एका दुपारी मॅडम म्हणाल्या, "आज माझं रक्त घे."

मी बोट टोचलं. एक थेंब मीटरवर, एक आमच्या पट्टीवर.

दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. आणि दोन्ही खूप जास्त. मॅडमना डायबेटिस असल्याचं आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं.

रामसेवकजींनी स्टूल पुढे सरकवलं. मी चाचरत म्हटलं, "मॅडम, जेवणानंतर कधी कधी..."

"सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही ग. चतुर्थी आहे."

त्यांनी दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले.

"जुळलं की," त्या म्हणाल्या आणि दुसरं बोट पुढे केलं. "घे. एका रीडिंगवर पेपर होत नाही."