फिलोमेनचा स्वर्ग

आमच्या गावात स्वर्ग वर्षातून एकदा येतो, सप्टेंबरच्या शेवटी, आणि तो पेल्यातून प्यायचा असतो.

गामे जातीची आमची काळी द्राक्षं आम्ही तुडवत नाही. घड अख्खेच्या अख्खे लाकडी टाकीत टाकतो, झाकण लावतो आणि पाच-सहा दिवस त्यांच्या वाटेला जात नाही. ती आतल्या आत आंबू लागतात. मग खालचा रस काढून घ्यायचा आणि उरलेले फुगलेले घड चरकात पिळायचे. तेव्हा जो गुलाबी, गोड, अर्धवट आंबलेला रस गळतो, त्याला आमच्या या बोजोले प्रांतात सगळे स्वर्ग म्हणतात. अमक्याकडे आज स्वर्ग आहे एवढं कळलं, की शेजारीपाजारी पेला घेऊन दारात हजर. आमंत्रणाची वाट बघणारा मूर्ख.

माझी शेजारीण फिलोमेन तेव्हा शहात्तर वर्षांची होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. उतारावरच्या तीन एकर वेली तिने एकटीने राखल्या. जानेवारीत छाटणी करताना ती प्रत्येक वेलीला शिव्या घालायची. लाडावल्या तर नुसती पानं येतात, बोलणी खाल्ली की फळ येतं, असं तिचं शास्त्र. आपली वाइन ती विहिरीत गार करून, जाड बुडाच्या बाटलीतून, सुक्या सॉसेजबरोबर प्यायची. पेला गोल गोल फिरवून वास घेत बसणाऱ्या माणसाला भूकच नाही, असं तिला वाटे.

नेमका असा माणूस तिच्या घरातच निघाला. धाकटा भाऊ आंतेल्म. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवला, आणि तो पार बोर्दोला जाऊन वाइनच्या व्यापाऱ्याचा जावई झाला. एका वर्षी तोडणी संपल्याच्या जेवणाला तो आला. पंचवीस माणसं टेबलाशी बसलेली. त्याने पेला फिरवला, नाक आत घातलं आणि म्हणाला, "ताई, छान आहे. पण ही वाइन नव्हे, चेरीचं सरबत आहे."

फिलोमेन उठली. त्याच्यापुढचा पेला उचलला आणि तिथे पाण्याचा वाडगा ठेवला. म्हणाली, "मोठ्या माणसांना सरबत बाधतं."

जेवणाशेवटचं चीज यायच्या आत तो गाडीत बसून निघून गेला. त्यानंतर अकरा वर्षं दर नववर्षाला दोन्हीकडून एकेक कार्ड जायचं, खाली नुसती सही. दोघंही मोडतील पण वाकणार नाहीत.

पण तिच्या घरची एक रीत होती. स्वर्गाचा पहिला पेला घरातल्या धाकट्याचा. ती अकरा वर्षं तो पेला भरून खिडकीत ठेवायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही आणि संध्याकाळी पहिल्या वेलीच्या मुळाशी ओतून यायची. मी एकदा म्हटलं, अगं, फोन कर त्याला. तर म्हणाली, वेलीला आवडतो तो रस.

ती शहात्तरची झाली त्या वर्षी तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी बजावलं, पुढल्या वर्षीपासून चरक नाही, छाटणी नाही. वेली नवऱ्याकडच्या पुतणीकडे जायच्या हे ठरलं. म्हणजे हा तिच्या हातचा शेवटचा स्वर्ग. शनिवारी पेले धुताना आंतेल्मचा तो जुना पेला तिने तीनदा धुतला. मी बघितलं आणि माझ्याच्याने राहवेना.

तशीच पावाच्या दुकानात गेले. गावातला फोन तिथे, आणि शेजारी कणीक मळायच्या यंत्राचा खडखडाट. आंतेल्मच्या बायकोने, सोलांजने उचलला. मी ओरडून सांगितलं, "फिलोमेनचा स्वर्ग, मंगळवारी चारला! आंतेल्मला म्हणावं, आता तरी ये!" पलीकडे सोलांज हुंदके द्यायला लागली. येतो, नक्की येतो म्हणाली. मला वाटलं, किती मायाळू बाई, आनंदाने रडतेय. माझेही डोळे भरून आले.

मंगळवारी अंगणात अर्धं गाव जमलं. चरकाचा लांब दांडा फिलोमेन स्वतः ढकलत होती, दर फेरीला थांबून गुडघा चोळत होती. कुणी पुढे आला की हाकलून द्यायची. "आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही," म्हणायची, आणि पुन्हा दांड्याला छाती लावायची. रस गळू लागला. तिने पहिला पेला भरून खिडकीत ठेवला.

एवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. आंतेल्म उतरला. काळा कोट, काळा टाय, आणि हातात बैलगाडीच्या चाकाएवढं पुष्पचक्र. मागे सोलांज, तोंडावर काळी जाळी. तो टोपी काढून दोन पावलं आत आला, आणि बहीण त्याला चरकाशी उभी दिसली, हात कोपरापर्यंत लाल.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बोर्दोच्या बाईला आमचा स्वर्ग कुठून ठाऊक असणार, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

फिलोमेन लंगडत त्याच्यापाशी गेली. चष्मा नव्हता, म्हणून चक्रावरची फीत डोळ्यांजवळ धरून तिने वाचली.

"लाडक्या ताईस," ती म्हणाली. "अकरा वर्षांत कार्डावर एक ओळ लिहवली नाही रे तुला. फुलांवर बरी लिहवली."

"सोलांज म्हणाली, तू स्वर्गात..." साठीचा माणूस, लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडायला लागला.

"मग? आहेच की मी स्वर्गात," तिने चरकाकडे हात केला. "तूही ये."

तिने खिडकीतला पेला आणून त्याच्या हातात दिला. त्याने तो फिरवला नाही, वास घेतला नाही. एका दमात संपवला आणि गुलाबी फेस ओठांवर तसाच ठेवून म्हणाला, "ताई, सरबतच आहे हे." मग त्याने रिकामा पेला पुढे केला. "आणखी दे. पण पाणी नको."

फिलोमेन इतकी हसली की तिला पिंपावर बसावं लागलं. ते चक्र कुणीतरी चरकाच्या टोकाला अडकवलं. आंतेल्मने काळा कोट काढून बायकोच्या हातात दिला, बाह्या सारल्या आणि दांड्याला छाती लावली. आणि कुणाला हात लावू न देणारी आमची फिलोमेन पिंपावरून उठली नाही. बसल्या बसल्या त्याला नुसत्या शिव्या घालत राहिली, जानेवारीत वेलींना घालायची तशा.

त्या संध्याकाळी पहिल्या वेलीच्या वाट्याला काहीच आलं नाही.