गच्चीवर वाळत घातलेलं दप्तर

मैमुनाचा नवरा जहूर कतारमध्ये, दोह्यातल्या एका दप्तरखान्यात कारकून होता. कुठली घरजागा कुणाची, याचे कागद त्याच्या ताब्यात असत. १९५९च्या हिवाळ्यात अवचित पाऊस कोसळला, मातीचं छप्पर गळलं आणि गठ्ठे भिजून चिंब झाले. साहेब म्हणाले, "खलास. जाळून टाका." जहूरने गयावया करून मुदत मागितली आणि गठ्ठे घरी आणले.

मैमुनाला वाचता येत नव्हतं. पण लग्न होईतो रत्नागिरीच्या खाडीकाठी तिने मासळी वाळवली होती. तिने गच्चीवर दोऱ्या बांधल्या, शेजारच्या ताहेरुन्निसाला हाक मारली आणि दोघी चिकटलेले कागद अलगद सोडवू लागल्या.

"एका गठ्ठ्याचा कागद दुसऱ्यात गेला, तर सगळी रद्दीच," जहूरने बजावलं. म्हणून प्रत्येक गठ्ठ्याला वेगळी दोरी.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि उत्तरेकडचं आभाळ पिवळं पडलं. मैमुनाने ताहेरुन्निसाला हाक मारली. वाळूचा वारा!

चादरी घेऊन दोघी वर धावल्या, तोच कोपऱ्यातली दोरी तुटली. कागद भिंतीवरून भिरभिरत गल्लीत गेले. ताहेरुन्निसा त्यांच्यामागे धावली.

"नको! उडाले ते गेले. उरलेले सांभाळ!" मैमुना ओरडली.

डोळ्यांत वाळू जात होती. एकेका दोरीचे कागद एकेका चादरीत बांधून ती गाठोड्यांवर पालथी पडून राहिली. वारा पडला तेव्हा बोटं वळत नव्हती.

जहूर आला. तुटलेली दोरी त्याने हातात घेतली. "बंदराकडच्या वस्तीचे होते गं. आता नोकरी जाईल. पुढच्या बोटीने घरी."

"तिथली माणसं तर आहेत ना? त्यांना विचारा, नव्याने लिहा."

"साहेब ऐकतील?"

"इन्शाल्ला. पण लपवू नका."

सकाळी तो गेला. मैमुनाने चूल पेटवली नाही, ट्रंक मात्र बाहेर काढून ठेवली. दुपारी जहूर परतला, घामाने निथळत. साहेब खूप तापले होते, वाळलेले गठ्ठे उलगडून पाहिल्यावर मात्र म्हणाले, "यल्ला, चल, साक्षीदार बोलाव."

उन्हाळाभर बंदराकडची माणसं येऊन आपापल्या भिंती, विहिरी, शेजारी सांगत राहिली. जहूर लिहीत राहिला. फक्त एका घरावरून दोन भावांचं शेवटपर्यंत जमलं नाही. त्यांचं पान त्याने कोरंच ठेवलं.