समईचा डबा आणि बेसमेंटमधलं पाणी

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं. घाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका पोटात घाला. आज दुपारी आमच्या बेंगळुरूतल्या राजाजीनगरच्या ऑफिसात मंजुळाअक्का मरता मरता वाचली. आणि कारण काय, तर दिवाळीचं गिफ्ट!

मी मूळची पुण्याची. इथे सिस्टिम्स बघते, म्हणजे कॉम्प्युटर आणि त्यांची वीज. अक्का खाली बेसमेंटमध्ये डॉक्युमेंटेशनला, तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. क्लायंट्सना द्यायला इवल्याशा पितळी समया आल्या होत्या. सर म्हणाले, "डबा मोठा दिसला पाहिजे. माणसं आधी डबा बघतात." मग काय, सगळे बसलो मोठ्या खोक्यांत थर्मोकोल कोंबत.

अक्का म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड! समई राहील देवघरात. हे न कुजणारं कुठं राहील?"

उरलेलं थर्मोकोल मागच्या अंगणात गेलं.

दुपारी पाऊस. दिवाळी तोंडावर आणि पडतोय आषाढासारखा! लाईट गेली. बेसमेंटमधून अक्काची हाक आली, मी जिन्याकडे धावले. मागच्या रॅम्पवरून पाणी धो धो आत येत होतं. अक्का लांबच्या टेबलापाशी, खुर्चीत पाय वर घेऊन.

"स्वल्पच पाणी आहे गं," ती एक पाय खाली सोडत म्हणाली. "लाईट गेलीय, आता करंट कुठला? येते मी."

आणि मला तिच्यामागचा मॉनिटर दिसला. चालू! त्याचा निळा उजेड पाण्यावर हलत होता. वरून आवाज येत होता, बीप... बीप...

हा आमचा यूपीएस. लाईट गेली की तो बॅटऱ्यांवर कॉम्प्युटर चालू ठेवतो. म्हणजे बाहेरची वीज गेली तरी प्लगच्या बोर्डात करंट असतो. आणि अक्काच्या टेबलाखालचा बोर्ड पाण्यात होता.

"अक्का, पाय वर! हलू नकोस!"

वर पळाले. यूपीएसपाशी सर उभे.

"बंद करू नकोस! पाच मिनिटं दे. टू थाउजंडचं टेस्टिंग चालूय, सगळं जाईल."

सन २००० उजाडल्यावर कॉम्प्युटरच्या तारखा बिघडू नयेत, म्हणून ते टेस्टिंग.

"सर, अक्का जाईल!"

त्यांना बाजूला सारून मी स्विच खाली ओढला. बीप थांबलं. सगळे पडदे काळे. आणि खालून धप्पकन पाण्याचा आवाज.

"अक्का?"

मी परत जिन्याकडे पळाले.

"अक्का!"

"ओरडू नको गं. चप्पल शोधतेय."

मी तिथेच पायरीवर बसून रडले.

पाऊस थांबल्यावर मागच्या गटाराची जाळी उचलली. थर्मोकोलचं पांढरंशुभ्र बूच बसलं होतं. सरांनी ते स्वतः हातांनी उपसलं. मग हळूच म्हणाले, "समया वर्तमानपत्रात गुंडाळून देऊ."

"सरी," अक्का कानडीत 'बरं' म्हणाली. "आणि हे थर्मोकोल तुमच्या केबिनमध्ये ठेवू."

टेस्टिंग पहिल्यापासून करायचंय. माझं शहाणपण एवढंच, की लाईट गेली तरी पाण्यात उतरण्याआधी बीप ऐका. आणि गिफ्ट द्यायचं तर त्याच्याच मापाच्या डब्यात द्या.

तुमच्याही ऑफिसात दिवाळीचे डबे असेच फुगवतात का हो? आणि आतलं थर्मोकोल शेवटी कुठे जातं, कुणी बघितलंय?