कुणाचा रं तू?

असले किस्से आम्ही मुद्दाम कधी गोळा केले नाहीत. वडूजकडच्या आमच्या गावात सायकलच्या दुकानात रिकामं बसलं, की ते आपोआप साठतात. आम्ही तिघं : कॉलेज सोडलेला मी, मॅट्रिकला अडकलेला विलास आणि बाबगोंडा. त्याच्या वडलांचं सांगलीला रद्दीचं दुकान. त्या रद्दीतून तो भविष्यकाळावरच्या कादंबऱ्या उचलून आणायचा. बहुतेकींत सरकार माणसांवर नजर ठेवून असायचं. कुठलं राज्य जास्त जुलमी, यावर आमचा रोज वाद. पहिला नंबर मात्र रोज आमच्याच गावाचा!

*

एका कादंबरीत प्रत्येकाच्या कपाळावर आकडा गोंदलेला. पहारेकरी आकडा बघणार, यंत्रात घालणार, मग कुठं माहिती निघणार.

विलास म्हणाला, "किती येळ घालवत्यात गड्या!"

आमच्या पारावरचा म्हातारा एवढंच विचारतो, "कुणाचा रं तू?" बापाचं नाव सांगायचा अवकाश, की आज्याची भांडणं, आपले मार्क, मोडलेली सोयरीक, सगळं तोच आपल्याला ऐकवतो. पारावरच्या या म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग नाही. आमच्यावर नजर ठेवणं हीच नोकरी, आणि एक दिवस रजा घेतील तर शपथ!

*

दुसऱ्या कादंबरीत मनातलं ओळखणारं मशीन होतं. बाबगोंडा नुसता हसला. त्याचं घर जैनाचं, आजी कडक. ऐन चातुर्मासात गड्यानं मिरज स्टेशनवर चोरून कांदाभजी खाल्ली. खळखळून चूळ भरली, वर मूठभर बडीशेप चावली, मग गावी घरी आला.

आजी दारातच. "गार हुती म्हणं भजी?"

*

आणीबाणीत आमच्या गप्पा ऐकायला साध्या कपड्यातला पोलीस आला. पंक्चरचं निमित्त काढून बसला. पण म्हाताऱ्यांनी त्याला आधी गाठलं. "कुणाचा रं तू?"

पंधरवड्यात त्याचं लग्न ठरलं, पाटलांच्या भाचीशी. आमचा रिपोर्ट राहिलाच. मांडवाच्या गडबडीत त्याला सवड कुठली!

*

विलासचे वडील फौजेतले रिटायर हवालदार. पोरगं फौजेतच जाणार, हा घरातला हुकूम. विलासला पुण्यात रेडिओ दुरुस्ती शिकायची होती. भरतीला उभं केलं की संपलं, म्हणून त्याआधीच पळायचं ठरलं.

कादंबऱ्यांतले सगळे पळपुटे आम्ही अभ्यासले. बहुतेक जण नेहमीच्या नाक्यावर सापडतात. तेव्हा आपला स्टँड टाळायचा, रानातून पुढचा फाटा गाठायचा. पिशवी नाही, पायात शेतातली चप्पल. मी सोडायला सोबत.

वाटेत खुरपणाऱ्या बायकांनी हटकलं, "कुठं निघाला रं?"

"हितंच, रानात."

बास, एवढंच बोललो.

फाट्यावर एस.टी. आली. विलास चढला, नोट पुढं करून हळूच म्हणाला, "एक पुणे."

कंडक्टरनं मान वर केली नाही. "तुझं काढलंय."

मागच्या सीटवर कडक इस्त्रीची फौजी वर्दी, पायाशी ट्रंक, मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी.

"ये, बस हितं," हवालदार सरकत म्हणाले. "भरतीचं हापिस पुण्यात बी हाय!"