पाच मिनिटांसाठी काढलेला प्लग

संस्थेत त्यांना सगळे पाठीमागे ‘तापबाई’ म्हणत. तापावर संशोधन करतात म्हणून, आणि डोक्याला ताप म्हणूनही. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं. चीड यायची ती वेगळ्याच गोष्टींची.

डासांमुळे येणारा एक ताप पहिल्यांदा सहज निभावून नेणारी माणसं दुसऱ्यांदा त्याच तापाने का दगावतात, या एका प्रश्नापायी बाईंनी उभं आयुष्य वेचलं होतं. पहिल्या खेपेला शरीराने उभे केलेले पहारेकरीच दुसऱ्या खेपेला शत्रूला दार उघडून देतात, असा त्यांचा संशय. तो सिद्ध करायचा तर एकाच माणसाचं दोन्ही वेळचं रक्त हवं. त्यासाठी त्या दारोदार हिंडल्या. साथ आली की पैसे मंजूर करणारी समिती म्हणायची, ‘लवकर करा’. ओसरली की तीच समिती म्हणायची, ‘आता कशाला?’ गरज सरो, वैद्य मरो! अलीकडे कुठे त्या रक्तातून उत्तर काढू शकणारी यंत्रं निघाली होती, आणि बाईंच्या निवृत्तीनंतरच्या आठवड्यात रक्ताच्या गोठवलेल्या नळ्या तपासणीला जायच्या होत्या.

एका आईने तापलेल्या मुलाचं रक्त घेऊ दिलं, आणि मुलगा वाचला नाही. नंतर बाई भेटायला गेल्या तेव्हा ती एवढंच म्हणाली, “ताई, ते टाकून तर नाही ना देणार?” बाईंनी तिचा हात धरून ‘नाही’ म्हटलं होतं.

त्या नळ्या होत्या व्हरांड्यातल्या मोठ्या फ्रीझरमध्ये. व्हरांड्यात, कारण त्याच्या खोलीत संचालकांना बैठकीचं टेबल हवं होतं. “ताई, तुझं लग्न या फ्रीझरशीच लागलंय,” असं धाकटी बहीण चिडवायची. “निदान उलट उत्तरं तरी देत नाही,” असं बाई म्हणायच्या.

निवृत्तीच्या दिवशी बहिणीने त्यांना बळेबळे नवे कपडे घालायला लावले आणि मागच्या दाराने थेट व्यासपीठावर नेऊन बसवलं. संचालक बोलायला उभे राहिले. “बाईंनी जमवलेला हा अमूल्य ठेवा आम्ही प्राणपणाने जपू!” टाळ्या पडल्या. त्या थांबल्या, आणि बाईंना जाणवलं की व्हरांड्यातली नेहमीची घरघर ऐकू येत नाहीये.

त्या तशाच उठून व्हरांड्यात गेल्या. फ्रीझर बंद होता. ‘हा प्लग काढू नये’ अशी त्यांच्याच हातची पाटी भिंतीवर होती, आणि तिच्याखाली माईकची वायर खोचलेली होती.

“वाचली होती मी पाटी,” माईकवाला चाचरत म्हणाला. “पण सभागृहातला प्लग पॉइंट बंद पडलाय. सकाळी साहेब म्हणाले, पाच मिनिटांसाठी काढ. मग फ्रीझरचा धोक्याचा भोंगा बोंबलायला लागला, तर त्याचा आवाज बंद करायलाही त्यांनीच सांगितलं.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी माईकची वायर उपटून फेकली आणि प्लग लावला. फ्रीझरच्या पडद्यावरचा तापमानाचा आकडा बराच चढला होता. दार उघडायची सोय नव्हती, उरलासुरला गारवाही गेला असता. आतल्या नळ्या अजून गोठलेल्या आहेत की नाहीत, कुणालाच सांगता आलं नसतं.

सभागृहात संचालकांचं नुसतं तोंड हलत होतं. बाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांच्या आवाजाला माईक कधीच लागला नव्हता.

“त्या फ्रीझरमध्ये एका आईने विश्वासाने दिलेलं तिच्या मुलाचं रक्त आहे. टाकणार नाही, असा शब्द दिलाय मी तिला. आता काय सांगू? साहेबांचा आवाज घुमावा म्हणून नासवलं?”

संचालक घसा खाकरून म्हणाले, “बाई, रागावू नका. उद्यापासून ही जबाबदारी आमची.”

“तीच तर भीती आहे,” बाई म्हणाल्या. पुष्पगुच्छ न घेताच त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर रखवालदाराने त्यांना अडवलं. वर्षानुवर्षं सलाम ठोकणारा तो माणूस ओशाळून म्हणाला, “बाई, पास लागेल. वरून हुकूम आहे.”

“पाच मिनिटांचंच काम आहे,” बाई म्हणाल्या.

त्याने फाटक उघडलं. बाई व्हरांड्यात गेल्या, बैठकीच्या खोलीतली संचालकांची गुबगुबीत खुर्ची ओढत बाहेर आणली, आणि प्लगला पाठ लावून बसल्या. नळ्या तपासणीला नेणारी गाडी येईपर्यंत त्या रोज तिथेच बसणार होत्या.